मजकूर किरकोळ

सरांनी फ्रेम हातात घेतली, क्षणभर बघितली आणि फिरवली. वरची बाजू खाली केली. मग हसायला लागले.

"अहो, उलटी आहे ही. किती वर्षं अशी टांगलीत?"

बाबा म्हणाले, "माझ्या बापापासून."

सर आणखी हसले. आतल्या खोलीत दोन विद्यार्थी जुने कागद लावत बसले होते. सरांनी त्यांना हाक मारली. "या रे, बघा. तीन पिढ्या पूजा केलीय यांनी. डोकं खाली, पाय वर." विद्यार्थी आले, वाकले, हसले. एकानं काचेवरच्या कुंकवाच्या जुन्या डागावर बोट ठेवलं आणि दुसऱ्याकडे बघितलं.

बाबाही हसले. ते मला सगळ्यात जास्त लागलं. माझा बाप चपला दाराबाहेर काढून आत आला होता. बाकी सगळे चपला-बूट घालून बसले होते. खुर्ची रिकामी असून तो उभा होता, आणि स्वतःवर हसणाऱ्यांबरोबर हसत होता.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी तेव्हा नाशकात एका सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होते. पंचवटीत खोली घेऊन राहत होते. बाबा निफाड तालुक्यातल्या आमच्या गावीच होते. बांधकाम खात्याच्या गँगवर सडकेचं काम करून नुकतेच रिटायर झाले होते. सर म्हणजे शहरातल्या एका इतिहास मंडळाचे प्रमुख. जुने फारसी कागद वाचणारे म्हणून त्यांचं नाव होतं.

फ्रेममधला तो कागद आमच्या घरात कधीपासून होता कुणालाच माहीत नाही. आज्याच्या काळात तो बांबूच्या नळीत होता. आज्यानं निफाडच्या बाजारातून काच लावून आणला. त्यावर फारसी अक्षरं आणि एक गोल शिक्का. आज्या त्याला कुंकू लावायचा. पुढं आम्ही बौद्ध झालो. घरातले देव गोदावरीत सोडले, पण कागद राहिला. बुद्धाच्या मूर्तीशेजारी, खिळ्याला. कुंकू बंद झालं. दर पौर्णिमेला झेंडूचं एक फूल मात्र बाबा फ्रेमला खोवायचे.

आणि तो उलटा का होता, तेही सांगते. शिक्का. आमच्या लोकांनी जन्मात जेवढे सरकारी कागद बघितले, सगळ्यांवर शिक्का खाली होता. दाखला, नोटीस, समन्स, मस्टर. शिक्का खालीच मारतात. या कागदाचा शिक्का वर होता, म्हणून आज्यानं तो फिरवून खाली आणला. शहाण्या माणसानं केला असता तोच विचार केला. हे सरांना विचारावंसं वाटलं नाही. विचारलं असतं तर हसता आलं नसतं.

गावात बाबांना कुणी काही बोललं, पाणवठ्यावर भांडण झालं, ग्रामपंचायतीत बाहेर उभं केलं, की घरी येऊन ते एकच वाक्य बोलायचे. आपल्याकडं कागद हाय. त्या कागदात आपलं नदीकाठचं शेत आहे, आपला मान आहे, अशी त्यांची खात्री होती. त्या खात्रीवर माणूस साठ वर्षं ताठ चालला. म्हणूनच मी त्यांना सरांकडे घेऊन गेले. एकदा कळू दे, म्हटलं.

सरांनी हसून झाल्यावर कागद वाचला. दोन मिनिटं. मग चष्मा काढून म्हणाले, "मानाची सनद आहे. तुमच्या घराण्याला मोठा मान दिलाय सरकारनं. शेताबिताचं काही नाही. पण अशी वस्तू मंडळात हवी. तुमच्याकडे वाळवी खाईल."

बाबांनी दोन्ही हातांनी फ्रेम पुढं केली. एका छापील फॉर्मवर अंगठा दिला. त्यांना सही येत होती, पण सरांनी शाईचं पॅडच पुढं केलं. आम्हाला एक झेरॉक्स मिळाली. बाबांनी ती त्याच खिळ्याला लावली, या वेळी शिक्का वर ठेवून. गावभर सांगत सुटले, आपली मानाची सनद नाशकात कपाटात ठेवलीय.

मी सरांना विचारलं होतं, मान म्हणजे नेमका कसला? शब्दन् शब्द सांगाल का? ते म्हणाले, सवडीनं. सहा महिन्यांत पाच वेळा गेले. सवड झाली नाही. मंडळात फारसी वाचनाचा वर्ग चालायचा. मला बसू द्या, म्हटलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"फारसी? बाई, या लिपीला हात लहानपणापासून वळावा लागतो. तुमचं टायपिंग चांगलं आहे ना? मग हे टाईप करून द्या."

त्यांनी स्वतःचा लेख दिला. मी घेतला. नाही म्हणायची सवय नव्हती. कचेरी सुटल्यावर मशीनवर बसले आणि तिसऱ्या पानावर आमचा कागद आला. 'सदर दस्तऐवज एका महार कुटुंबाकडे भिंतीवर उलटा टांगलेला आढळला.' पुढं दीड पान शिक्क्याबद्दल, कागदाच्या जातीबद्दल, अक्षराच्या वळणाबद्दल. आणि शेवटी एक ओळ. 'मजकूर किरकोळ असून येथे देण्याचे कारण नाही.'

ती ओळ मी माझ्या हातांनी टाईप केली.

मग बोटं थांबली. मोठा मान किरकोळ कसा? एक तर माझ्या बापाला सांगितलं ते खोटं, नाहीतर इथं लिहिलं ते खोटं. त्या दिवशी ठरवलं की या माणसाला आता विचारायचं नाही.

कचेरीत सय्यद नावाचे शिपाई होते. त्यांनी जुन्या नाशकात, दूध बाजाराच्या मागे राहणाऱ्या एका बाईंचं घर दाखवलं. मुलींच्या उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या, शाळेत फारसीही शिकवायच्या. सगळे त्यांना आपा म्हणत. मीही म्हणायला लागले. पहिल्या रविवारी सकाळी आमच्या झेरॉक्सची आणखी एक प्रत पुढं ठेवली. म्हटलं, एवढं वाचून द्या. आपांनी कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला. मग घडी घालून मला परत दिला.

"मी नाही वाचणार. तू लिहायला शिक. मग तूच वाच."

मला राग आला. अजून एक सर, वाटलं. पण आपा उठल्या आणि लाकडाची एक पाटी घेऊन आल्या. मुलतानी मातीनं सारवलेली, वाळवलेली. बोरू स्वतः तासून दिला, टोक तिरकं कापून. दौतीत सुती चिंध्या घातलेल्या, म्हणजे बोरू शाई बेतानं उचलतो. म्हणाल्या, टायपिस्ट आहेस ना, मग बोटं विसर. मनगट आण.

पहिले तीन रविवार फक्त अलिफ, पहिलं अक्षर. एक उभी रेघ. बोरूच्या टोकानं तीन ठिपके एकावर एक द्यायचे, अलिफ तेवढाच उंच. माझा कधी पाच ठिपके व्हायचा, कधी दोन. आपा पाटी धुवायला लावायच्या. पुन्हा माती, पुन्हा वाळवण. मग बे. होडीसारखा, उजवीकडून डावीकडे. माझा हात डावीकडून सुरू व्हायचा. चोरून तसा काढून बघितला एकदा. आपांनी लगेच पकडलं. बोरू जिथं जाड उमटायला हवा तिथं बारीक उमटला होता. हात कुठून निघाला ते शाई सांगते, म्हणाल्या.

सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. मराठी अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं. मी तशीच टांगत होते. हे अक्षर वरून उतरतं आणि खाली बसतं. ते हाताला कळायला पावसाळा गेला. मग जोडाक्षरं. आपा म्हणायच्या, "काही अक्षरं पुढच्याचा हात धरतात. सात जण कुणाचाच धरत नाहीत. अलिफ त्यातला. त्याच्यापुढे हात उचलायचा."

कचेरीत बातमी पसरली. हेडक्लार्कनी विचारलं, काय हो बाई, पाकिस्तानला पत्र लिहिताय का? सगळे हसले. एक जण म्हणाला, जयभीमवाल्यांना आता सलाम शिकायचाय. मी मशीनवर कागद चढवला आणि काम सुरू केलं. नखांत शाई होती. ती मी घासून काढायचं बंद केलं.

बत्तीस अक्षरं, त्यांची जोडणी, मग घाईच्या हाताचं वळण. दोन वर्षं गेली. आमचा कागद त्या घाईच्या हातात लिहिलेला होता. ठिपके गाळलेले, शब्द एकमेकांत घुसलेले. आपा म्हणाल्या, डोळ्यांनी वाचू नकोस. बोरू घे, शाई न घेता त्याच्यावरून फिरव. लिहिणाऱ्याचा हात जसा गेला तसा तुझा जाऊ दे.

मी फिरवला. तिसऱ्या ओळीत हात एका शब्दावर आला आणि मला आधी हातात कळलं. बे, ये, गाफ, अलिफ. हात उचलला. रे.

बेगार.

शिकवायला लागू नये असा शब्द. जन्मल्यापासून ऐकलेला. वेठबिगारी. आज्याच्या तोंडी, आजीच्या शिव्यांत. मी आपांकडे बघितलं. आपा खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना पहिल्या रविवारीच माहीत होतं.

पुढचं एका सकाळीत सुटलं. सरकारी माणसं सडकेनं येतील तेव्हा या गावच्या महारांनी, घरटी एक माणूस, त्यांचं ओझं पुढच्या गावापर्यंत वाहावं. मजुरी मागू नये. घरात पुरुष नसेल तर बाईनं यावं. उशीर केल्यास मारावं. खाली घरांची मोजणी. वर शिक्का.

एवढंच. शेत नाही. मान नाही. तीन पिढ्या आम्ही आम्हाला मारण्याच्या हुकमाला फूल वाहत होतो.

बसमध्ये निफाडपर्यंत विचार केला, की सांगायचं का. सर तरी दुसरं काय करत होते? म्हाताऱ्याला बरं वाटेल ते सांगितलं. मीही गप्प बसले तर बाबा ताठ मानेनं मरतील. पण मग माझ्यात आणि सरांत फरक काय? दोघंही ठरवणार, की या माणसाला काय पेलवेल.

बाबा ओट्यावर बसले होते. मी वाचून दाखवलं. आधी फारसी, मग मराठी.

"परत वाच," ते म्हणाले.

परत वाचलं.

"म्हंजी शेत नाय."

"नाही."

"मान?"

"नाही, बाबा."

मग म्हणाले, "घरटी एक मानूस. बाई बी." एवढं बोलून आत गेले. झेरॉक्सला खोवलेलं फूल काढलं आणि बाहेर टाकलं. मी कागद काढायला गेले तर हात धरला. "ऱ्हाऊ दे. फूल नको लावू आता."

त्यानंतर ते थोडे वाकले. खोटं कशाला सांगू. वाकलेच.

काही महिन्यांनी मंडळाची पत्रिका आली. जुन्या दस्तऐवजांचं प्रदर्शन, आणि मानकरी घराण्यांचा सत्कार. यादीत आम्ही होतो. मला वाटलं, बाबा फाडून टाकतील. त्यांनी पांढरे कपडे धुवून इस्त्री करून आणायला सांगितले. मी येतो, म्हणाले.

या वेळी चपला काढल्या नाहीत. कागद काचेच्या पेटीत होता, खाली पाटी, 'मानाची सनद'. सरांनी बाबांच्या खांद्यावर शाल घातली आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. बाबा खुर्चीत बसले. मग मी उठले. व्यासपीठाच्या कडेला फळा होता, त्यावर कार्यक्रम लिहिलेला. मी पुसला. खडू घेतला आणि उजवीकडून सुरुवात केली. तिसरी ओळ, पूर्ण. अक्षर बसलं. मागच्या रांगेत आपा होत्या. त्यांनी मान हलवली.

सर म्हणाले, "बाई, खाली बसा. हा सत्काराचा कार्यक्रम आहे."

"सत्कार कशाचा ते वाचून दाखवते," मी म्हणाले, आणि वाचलं, मग मराठीत सांगितलं.

सर माझ्याजवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "वडिलांना बरं वाटावं म्हणून बोललो होतो. तुम्हा लोकांना निदान काहीतरी मानाचं मिळावं."

"लेखात किरकोळ लिहिलंत," मी म्हणाले. "तो मीच टाईप केला होता."

बाबा उठले. शालीची नीट घडी घातली. खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला.

"वझं नको," म्हणाले. आणि आम्ही बाहेर पडलो.

मूळ कागद अजून मंडळाच्या कपाटात आहे. दर वर्षी अर्ज करते. दर वर्षी उत्तर येतं, दान दिलेली वस्तू परत मिळत नाही. सोबत अंगठा दिलेल्या त्या फॉर्मची प्रत जोडलेली असते. बाबा गेले. आपाही गेल्या. त्यांची बोरू तासायची सुरी माझ्याकडे आहे. त्या सुरीनं कापलेल्या बोरूनं मी तो हुकूम पुरा नकलून काढला, खाली मराठी लिहिलं, आणि घरात दारासमोर लावला. आलेल्यानं वाचल्याशिवाय आत येऊ नये म्हणून.

आता लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात. सिन्नरकडून, येवल्याकडून, पेठच्या डोंगरातून. पिशवीत, फडक्यात, नळीत. कुणाचा उलटा असतो. मी हसत नाही. मागच्या महिन्यात एक रिटायर मास्तर आले. कागद पुढं ठेवून म्हणाले, "ताई, आई आजारी आहे. काही बरं निघालं तर मोठ्यानं वाचा." बरं निघालं नाही. मी मोठ्यानं वाचलं. ते चहा न घेता गेले.

जाऊ देत. जे लिहिलंय तेच वाचीन. कुणाच्या आईसाठी एक ठिपका बदलणार नाही. माझ्या बापासाठी बदलला नाही.