दोन भागीबाईंची वकिलीण

उत्तरा गायधनींकडे मी टायपिस्ट म्हणून लागले ती १९९३च्या दिवाळीनंतर, आणि पहिल्याच आठवड्यात नोकरी सोडायचं ठरवलं. का, तर ही बाई ऑफिसात सापडायचीच नाही. मी नाशिकरोडहून बसमध्ये लोंबकळत सीबीएसला यायचे, तीन जिने चढायचे, तर दाराला कुलूप आणि कडीत खोचलेली चिठ्ठी: 'मीना, साइटवर आहे, तूही ये.' अहो, कुठल्या साइटवर? तेवढं लिहायला काय झालं होतं?

त्यांच्याकडे तीनच प्रकारची माणसं यायची. कामावरून काढलेली, बांधकामाच्या ठेक्यात भांडलेली आणि फ्लॅट घेऊन पस्तावलेली. आणि मॅडमचा हट्ट असा की कागद नंतर, आधी जागा बघायची. सेंटरिंगच्या फळ्यांवर ओढणी कमरेला बांधून चढायच्या आणि टेपचं दुसरं टोक मला धरायला लावायच्या. माझी चप्पल दोनदा सिमेंटमध्ये रुतली. मॅडमचे वडील गंगाधर गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंचे श्राद्धविधी करायचे. ते म्हणायचे, "मी गेलेल्यांचं बघतो, उत्तरा राहिलेल्यांचं बघते."

एकदा इंदिरानगरातल्या एका बिल्डरनं लोकांना जे पार्किंग विकलं होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना खांब होते. मॅडमनी वाद घातलाच नाही. त्यालाच म्हणाल्या, "तुमची गाडी लावून दाखवा ना जरा." गाडी गेली आत, पण दार उघडेना. सगळी सोसायटी जमली, गृहस्थ आत घामाघूम. संध्याकाळी तडजोडीचा मसुदा मी टाइप केला, आणि खरं सांगते, इतक्या आनंदानं मी कधी टाइप केलं नव्हतं.

पण मॅडम खऱ्या कळल्या त्या भागीबाईच्या केसमध्ये. ही गोष्ट सत्त्याण्णवची.

भागीबाई भोये पेठकडची. नवरा बहिरू आणि ती दरवर्षी पोराला घेऊन मजुरीला खाली उतरायची. कधी द्राक्षं, कधी ऊस. मग अंबडला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला काम लागलं आणि तिनं सिडकोत खोली घेतली. पोरगा दिनेश पहिल्यांदाच एका शाळेत सलग वर्षभर बसला. आणि वर्ष होत आलं तसं तिला काढलं. काम गेलं की खोली जाणार, खोली गेली की शाळा जाणार, पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. तिला तेवढंच नको होतं.

वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले असले तर कामगाराला असं उचलून बाहेर टाकता येत नाही. भागीबाईचे भरले होते. पण हजेरीपुस्तक उघडलं तर काय? एकशे एकतीस दिवस 'भागीबाई बहिरू भोये' आणि पुढचे एकशे अठ्ठेचाळीस दिवस 'भागीबाई दिनेश भोये'. कंपनी म्हणाली, या दोन वेगळ्या बायका, दोघींचेही दिवस कमी. झालं! पगारपत्रकावर अंगठे होते, ते म्हणे वाळवीनं खाल्लं. आमच्याकडची वाळवी मोठी हुशार, कामगारांचेच कागद बरोबर शोधून खाते.

मुलाचं नाव नवऱ्याच्या जागी गेलंय हे आम्हाला दिसत होतं. कसं गेलं, ते कळेना. भागीबाईला विचारलं तर म्हणे, "मला काय ठावं, मला वाचता येतं व्हय?" आणि गेटवरचा हजेरी कारकून शपथेवर सांगून गेला, बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तेच लिहिलं. मॅडम दोन आठवडे चिडचिड करत होत्या. माझ्यावर चिडल्या, चहावाल्यावर चिडल्या. मीही कमी नाही, मीपण उलटून बोलले.

भागीबाईच्या साक्षीच्या दिवशी बहिरू निफाडला छाटणीला गेला होता. एरवी आमच्याकडे आले की नाव-गाव सगळं तोच सांगायचा, ती नुसती मान हलवायची. त्या दिवशी सोबत शेजारीण आली, झुंबरबाई. तीही आधी त्याच कारखान्यात होती. ती मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

कंपनीचे वकील उठले. पहिलाच प्रश्न, "नवऱ्याचं नाव सांगा."

भागीबाईनं पदर पुढे ओढला आणि खाली बघितलं.

"बाई, नाव विचारलं मी. बहिरू की दिनेश?"

तिनं पदर आणखी खाली ओढला. वकील खूश. "साहेब, बाईला स्वतःच्या नवऱ्याचं नाव सांगता येत नाहीये. कसं सांगणार, दुसरीच्या नावानं दावा केलाय."

न्यायाधीश म्हणाले, "बाई, बोला. नाहीतर उत्तर दिलं नाही असं लिहावं लागेल."

भागीबाईनं मागं वळून झुंबरबाईकडे पाहिलं. अगदी सहज, घरात मीठ मागावं तशी नजर. आणि झुंबरबाई तिथूनच पुटपुटली, "दिनेसचा बा."

वर पंखा खडखडत होता. जेवणाची वेळ होत आलेली, साहेबही कंटाळलेले. त्यांनी कोर्टाच्या टायपिस्टला सांगितलं, "लिहा. नवऱ्याचं नाव दिनेश."

मॅडम ताडकन उठल्या. मला वाटलं आता भांडणार. पण त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "साहेब, आत्ता जे लिहिलं तेवढं मोठ्यानं वाचायला सांगता का?"

टायपिस्टनं वाचलं. "नवऱ्याचे नाव दिनेश."

"आवं, दिनेस पोरगा हाय तिचा," झुंबरबाई मागून उठलीच. "त्याचा बा बहिरू. ती कशी नाव घेईल त्याचं? गेटवर नवं पुस्तक घातलं तवा बी मीच सांगितलं व्हतं. त्याच्या आधीच्या पुस्तकाला आमच्यातल्या लताबाईनं बहिरू सांगितलं व्हतं."

कोर्टात हशा पिकला. साहेबांनी चष्मा काढला, समोरच्या कागदाकडे बघितलं, आणि मग तेही हसायला लागले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "साहेब, गेटवरही हेच झालं. तिथंही कोणीतरी घाईत होतं."

मला मात्र माझाच राग आला. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी स्वतः नवऱ्याला 'अहो' आणि 'आमचे हे' यापलीकडे कधी हाक मारलेली नाही, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात येऊ नये? ज्या बाईनं ते नाव सांगितलं, तिला आम्ही एका शब्दानं विचारलं नव्हतं. बसमध्ये घरापर्यंत मी स्वतःला शिव्या दिल्या. त्यानंतर आमच्याकडे कामगार बाई आली की मॅडम पहिल्यांदा तिच्या सोबतिणीला खुर्ची द्यायच्या. पुढे कितीतरी केसेस त्या खुर्चीनं जिंकल्या.

झुंबरबाईची रीतसर साक्ष झाली. दोन महिन्यांनी निकाल लागला. दोन्ही नोंदी एकाच बाईच्या, काढून टाकणं बेकायदा, कामावर परत घ्यावं. मॅडमनी व्हरांड्यात भागीबाईला सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग उद्या किती वाजता जायचं?"

आता कायद्यानं कंपनीला महिन्याची मुदत होती, निकालाची नक्कल यायची होती, वर अपिलाची धास्ती. मॅडमना हे सगळं पाठ. एरवी त्यांनी अर्धा तास ऐकवलं असतं. त्या दिवशी फाइल मिटून म्हणाल्या, "आठ वाजता. मीही येते."

दुसऱ्या दिवशी आठला आम्ही तिघी अंबडच्या गेटवर. मॅनेजर आला, निकालाचं ऐकून त्याचा चेहरा पडला, आणि तो म्हणाला, "ठीक आहे, एक तारखेपासून पाठवा."

भागीबाईनं पदर खोचला. "आलेच हाय तर आजपासूनच करते," म्हणाली आणि त्याच्या शेजारून आत गेली.