सरळ न झालेला गळ

बोग हॅचा धरणाच्या काठावर क्रॅपी मासे धरणारे खंडीभर होते, पण जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा आमिषवाला गळ, घ्यायची तर व्हर्डी मे गँटचीच, हे तिच्याशी अबोला धरलेली माणसंही कबूल करायची. आणि तिच्याशी अबोला धरलेली माणसं काही थोडीथोडकी नव्हती. जीभच तशी होती बाईची. चर्चमध्ये कुणाची टोपी वाकडी बसली असेल तर पाद्र्याच्या आधी हिला दिसायची.

टायरवाल्याकडून चाकांची जुनी शिशाची वजनं आणायची, मागच्या पडवीत ती लोखंडी तव्यात वितळवायची, साच्यात आधी गळ मांडायचे आणि मग वरून पळीनं शिसं ओतायचं. साचा उघडला की वाटाण्याएवढी डोकी गळासकट बाहेर पडायची. डोकी रंगवायची, मागं कोंबडीचं पीस नाहीतर खारीच्या शेपटीचे केस दोऱ्यानं आवळून बांधायचे आणि गाठीवर नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. व्हर्डी हे बापाकडून शिकली होती. कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं कॉलर शिवल्या, तेव्हाही सुट्टीच्या दिवशी पडवीत शिसं वितळतच असायचं. भाजल्याचे पांढरे डाग मनगटापर्यंत होते.

गळाच्या बाबतीत मात्र ती चेष्टा खपवून घेत नसे. क्रॅपी राहते बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत, त्यामुळे जिग अडकणारच. म्हणून गळ बारीक तारेचाच हवा. जोरानं ओढला की तो सरळ होतो आणि जिग सुटून येते. मग बोटांनी वाकवायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. जाड गळ लाकडात रुतला की रुतलाच. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, कापायचा, जिग देवाच्या नावानं सोडायची आणि घरी जायचं.

तिचा नवरा एझेल असा सोडणाऱ्यातला नव्हता. धिप्पाड गडी, हसरा, कामाला वाघ आणि वचनाला कच्चा. जिग अडकली की तंगूस मुठीभोवती गुंडाळायचा, बोटीत उभा राहायचा आणि अंग मागं टाकून ओढायचा. "बोट तुटेल एक दिवस तुझं," व्हर्डी ओरडायची. "नऊ राहतील की," तो म्हणायचा. "तुझ्या हातची जिग पाण्यात ठेवून आलो तर रात्री जेवायला घालशील का मला?"

दर नाताळानंतर तो सीडरची झाडं तोडून आणायचा, सिमेंटचे ठोकळे तारेनं बांधून ती धरणात बुडवायचा. दोन वर्षांनी त्यांत मासे घर करत. झाडं कुठं बुडवली हे मात्र कुणालाच माहीत नसायचं. तिकडं तशीच रीत आहे. आपला झाडोरा कुठं आहे हे माणूस बायकोला सांगत नाही, आणि मरताना पाद्र्यालाही सांगत नाही.

मग त्या मेम्फिसवालीचं प्रकरण झालं. एझेल एका लाँड्रीवालीबरोबर चार महिने मेम्फिसला राहून आला. परत आला तो डोक्यावर हिरवी लोकरी टोपी घालून. तिनं विणलेली. व्हर्डीनं त्याला घरात घेतलं, ताट वाढलं, पण ती टोपी काही त्याच्या डोक्यावरून उतरेना. जेवताना टोपी, झोपताना टोपी. "थंडी वाजते गं," म्हणायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी टोपीवरून दोघांची चांगलीच जुंपली. भांडून दमल्यावर एझेल खुर्चीतच घोरायला लागला. व्हर्डीनं टोपी अलगद काढली आणि पडवीत बसून उसवली. ती हिरवी लोकर तिनं जिगांना बांधली. तेवढ्यानं मन भरेना, तेव्हा बारीक गळांचा डबा बाजूला सारला आणि साच्यात कॅटफिशसारख्या मोठ्या माशांचे जाड, काळे गळ मांडले. साच्यात ते बसेनात, तर तिनं कानशीनं खाचा वाढवल्या. बस दिवसभर तंगूस कापत, असं मनाशी म्हणाली. आणि खरं सांगायचं तर ओतताना तिला हसूही येत होतं.

सकाळी एझेलनं जिगांची डबी उघडली. गळांकडं त्याचं लक्षच गेलं नाही.

"ही माझी टोपी दिसते."

"टोपीच आहे. आता मासे घालतील."

एझेल खो खो हसला. "बाई, तुझ्याशी लग्न केलं तेव्हा मला कुणी सावध कसं केलं नाही?" असं म्हणून उघड्या डोक्यानं धरणावर गेला. तो परत आला नाही.

बोट दुसऱ्या दिवशी धरणाच्या दक्षिण टोकाला रिकामी सापडली. शेरीफच्या माणसांनी त्याच बाजूला गळ टाकून तळ ओढला. झाडोरा कुठं आहे हे विचारायला माणूसच नव्हता. त्यात एका पावाच्या गाडीवाल्यानं शपथेवर सांगितलं, की एझेलला आपण मेम्फिसच्या बसअड्ड्यावर पाहिलं. व्हर्डीनं ते लगेच उचललं. रागावणं सोपं होतं, रडायला तिला कधी जमलंच नव्हतं. त्याचे कपडे तिनं पिंपात घालून जाळले. कुणी विचारलं तर म्हणायची, "टोपी उसवली म्हणून नवी आणायला गेलाय."

एझेलची बहीण अर्लीन मात्र पहिल्या दिवसापासून एकच म्हणत राहिली. "माझा भाऊ पाण्यात आहे. एकदा गेला होता, पण आईच्या पुण्यतिथीला आला होता ना? आता येत नाही म्हणजे तो नाही." तिला चर्चमागं आईशेजारी एझेलच्या नावाचा दगड बसवायचा होता. जागाही ठरलेल्या होत्या. आई, मग एझेल, त्याच्या शेजारी व्हर्डी आणि कुंपणाकडं अर्लीन. पण बायकोची संमती नसताना पाद्री प्रार्थना करेना, आणि व्हर्डी संमती देईना. "जिवंत माणसाचा दगड? मेम्फिसला त्याला उचक्या लागतील," म्हणायची. असं अकरा वर्षं चाललं. शेवटी अर्लीनचं हृदय थकलं, नाकाला नळी लागली. तरी दर रविवारी ती तेच विचारायची आणि व्हर्डी तेच उत्तर द्यायची.

त्या हिवाळ्यात धरणाचा दरवाजा दुरुस्तीला काढला आणि पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं. दर हिवाळ्यात पाणी थोडं उतरतंच, आणि लोक बादल्या घेऊन उघड्या पडलेल्या झाडोऱ्यावरच्या जिगा वेचायला जातात. कुणाच्या झाडोऱ्यावर कुणाच्या जिगा लटकल्यात यावरून वर्षभराच्या चोऱ्या उघड होतात आणि भांडणंही होतात. या वेळी सगळी वस्तीच चिखलात उतरली होती. व्हर्डीही गुडघाभर बूट चढवून निघाली. आपल्या जुन्या जिगा खरवडून पुन्हा रंगवता आल्या तर तेवढंच शिसं वाचणार होतं.

वेचता वेचता ती इतरांपेक्षा बरीच आत, उत्तरेकडच्या जुन्या ओढ्याच्या पात्रापर्यंत गेली. तिथं सीडरचा एक काळा ढीग पडला होता. ठोकळ्यांना तार दुहेरी पिळलेली. अशी तार एझेल पिळायचा. व्हर्डी फांद्या बाजूला सारत आत शिरली.

मधल्या जाड फांदीत एक जिग रुतून बसली होती. रंग उडालेला, शिसं करडं पडलेलं. पण लोकर हिरवीच होती. तंगूस फांदीला दोन वेढे घेऊन खाली चिखलात गेला होता. व्हर्डीनं तो हळूहळू ओढला. चिखल सुटला आणि बाजूलाच रबरी बुटाचा तळवा उघडा पडला. बूट रिकामा नव्हता.

ती तिथंच खाली बसली. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तिला सगळं समोर दिसत होतं. मुठीला गुंडाळलेला तंगूस, बोटीत उभा राहिलेला एझेल, मागं टाकलेलं अंग. बारीक गळ असता तर सरळ होऊन सुटला असता, आणि तो बोटीत ढुंगणावर आपटून हसला असता. हा गळ सुटला नाही. बोट पायाखालून सरकली, बुटांत पाणी भरलं, आणि हात तर फांदीलाच बांधलेला. रिकामी बोट तेवढी वाऱ्यानं दक्षिणेला वाहत गेली. मेम्फिसला कुणी गेलंच नव्हतं.

जिगांचं दुकान चालवणारा म्हातारा पर्विस बादली हलवत तिच्याकडं आला. त्याची नजर आधी फांदीवर गेली. त्यानं चिमट्यानं लाकूड फोडून जिग काढली आणि डोळ्यांजवळ धरली.

"कॅटफिशचा गळ? क्रॅपीच्या जिगेला? कुठल्या गाढवानं ओतला हा?"

"मी," व्हर्डी म्हणाली.

पर्विसनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग तिच्या पायाशी पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. शेरीफला बोलवायला जाण्याआधी त्यानं जिग तिच्या हातात दिली. "हे मी पाहिलेलं नाही, व्हर्डी. तूही पाहिलेलं नाहीस. अर्लीनला तिचा भाऊ मिळाला, तेवढं पुरे आहे. तोंड बंद ठेव. आयुष्यात एकदा तरी ठेव."

संध्याकाळी व्हर्डी अर्लीनकडं गेली तेव्हा बातमी आधीच पोहोचली होती. अर्लीन नळीसकट खुर्चीतून उठली आणि तिच्या गळ्यात पडली. "अकरा वर्षं मी एकटी बोंबलत होते गं! आणि बघ, तो तुला सोडून नव्हता गेला. तुझ्याच घरी परत येणार होता. आता तरी रड बाई."

व्हर्डीला रडू आलं नाही. गप्प बसणं शक्य होतं, आणि ते तिला फार हवंसं वाटलं. पण त्या मिठीत तिचा जीव गुदमरायला लागला. तिनं कोटाच्या खिशातून जिग काढून टेबलावर ठेवली आणि टोपीपासून गळापर्यंत सगळं सांगून टाकलं.

अर्लीननं गळावरून बोट फिरवलं. "बारीक असता तर?"

"सुटला असता."

"तुला माहीत होतं?"

"तंगूस कापत बसेल, एवढंच वाटलं होतं मला."

"माझ्या भावानं जन्मात कधी तंगूस कापला होता?"

अर्लीननं जिग तिच्यापुढं सरकवली.

"बोल ना. एरवी तर बोलतेस."

"नाही. कधीच नाही."

"मग तुला माहीत होतं." अर्लीनचा श्वास लागला. ती खुर्चीत बसली, नळी नीट केली. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता. "शनिवारी दफनाच्या प्रार्थनेला पुढच्या बाकावर बस. तिथं बायकोच बसते, लोकांच्या तोंडाला विषय नको. पण त्याच्या शेजारी मी निजणार. तू कुंपणाकडं."

"बरं," व्हर्डी म्हणाली.

"आणि हे घेऊन जा."

बाहेरच्या पायरीवर बसून व्हर्डीनं तो गळ दोन्ही हातांच्या बोटांत धरला आणि सरळ करायला लागली. असले हजारो गळ तिनं वाकवले होते आणि सरळ केले होते. अंगठ्यात टोक घुसलं तरी ती जोर लावत राहिली. आतून अर्लीननं पायरीवरच्या दिव्याचं बटण बंद केलं. गळ काही सरळ झाला नाही.