मुलीला विचारणारे साहेब

"किल्ली कोठे शे वं माय?"

तपासणीला आले की नाना पहिला प्रश्न हा विचारत. तोही मुख्याध्यापकांना नाही, आवारात दिसेल त्या मुलीला. किल्ली मुलींच्या स्वच्छतागृहाची. तुम्ही अनुदानाच्या शाळेत नोकरी केली असेल तर तुम्हालाही ठाऊक असेल. स्वच्छतागृह बांधलेले असते, धुतलेले असते आणि कुलूपबंद असते. साहेब आले की उघडायचे.

नाना शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होते. मूळचे धुळ्याकडचे. तपासणीआधी चहा घेत नसत. "आधी घेतला की चहाच दिसतो, शाळा दिसत नाही," म्हणत.

आमची शाळा जामनेर तालुक्यातली. तेव्हा आम्ही वीस टक्क्यांवर होतो. म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा सरकार देई. अनुदानाचा पुढचा टप्पा नानांच्या अहवालावर ठरणार होता. एक त्रुटी लिहिली गेली की प्रस्ताव परत. आमचे विज्ञानाचे सर पहाटे मजुरीवर केळीचे घड गाडीत भरून मग वर्गावर येत.

त्या दिवशी नववीतली एक मुलगी नानांसमोर आली. त्यांची अहिराणी ऐकून तिला हसू फुटले.

"मले काय माहीत? आम्ही घरीच जातो."

"मग पाणी कधी पितेस?"

"शाळा सुटल्यावर."

मुख्याध्यापकांनी घाईने खिशातून किल्ली काढली. नानांनी अहवाल न लिहिताच पेनाला टोपण लावले.

विज्ञानाचे सर भडकले. "नाना, तुमचा पगार शंभर टक्के! एका कुलपापायी आमच्या पोटावर पाय देता?"

"पगार मिळालाच पाहिजे, भाऊ. पण सरकारकडे मागता कोणाच्या जिवावर? पटावर नाव तिचं शे ना?"

सरांनी मुख्याध्यापकांच्या हातातली किल्ली घेतली. नाना निघून गेले नाहीत. लिंबाखाली बसून त्यांनी डब्यातली कळण्याची भाकरी खाल्ली. तोवर सरांनी कुलूप काढले, गावातून कडी आणून दाराला आतून बसवली, टाकीत पाणी चढवले. मधल्या सुट्टीत मुली दाराशी घुटमळल्या, एकमेकींना ढकलू लागल्या, मग एकेक करून आत गेल्या. तेव्हा कुठे नाना अहवाल लिहायला बसले. त्यांचा चहा सरांनीच नेऊन दिला.

टप्पा मिळाला. पुढे नाना निवृत्त झाले. आता तपासणीसाठी बहुधा फोटोच मागवतात. आम्ही काढून पाठवतो.

गेल्या हिवाळ्यात नाना धुळ्याला वारले. शाळेत शोकसभा ठेवली. विज्ञानाचे सर बोलायला उभे राहिले, "कडक माणूस होता," एवढेच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मग सगळे दोन मिनिटे शांत उभे राहिलो. मुलांपैकी कोणी नानांना पाहिलेले नव्हते.

शांतता संपायच्या आतच दहावीच्या रांगेतून एक मुलगी निघाली आणि पटांगण ओलांडून गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. तिला कोणी हटकले नाही.