खांडा मीच नेला होता

गेल्या हिवाळ्यात आमच्या सीवूड्सच्या सोसायटीतल्या एका मुलीचं लग्न देशावरच्या एका राजवाड्यात झालं. वाड्याचं आता हॉटेल झालंय. उमेदीची सगळी वर्षं मी त्या वाड्यात नोकरी केली, हे सुनेने चारचौघांत सांगून ठेवलं होतं. त्यामुळे मलाही आग्रहाने नेलं. हॉटेलचा एक तरुण पाहुण्यांना वाडा दाखवत होता. मुदपाकखान्यावरच्या मागच्या खोलीशी आल्यावर तो म्हणाला, "ही महाराजांच्या ठेवलेल्या बाईची खोली. फोटोसाठी एकदम हिट आहे." लोक हसले. आमच्याच मजल्यावरच्या एका गृहस्थांनी बायकोला तिथल्या खिडकीत उभं करून फोटो काढला आणि मला विचारलं, "काका, तुम्ही पाहिली असेल की ती. कशी होती दिसायला?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

हे दुसऱ्यांदा खोटं बोललो. पहिल्यांदा बोललो होतो त्यामुळेच ती बाई ठेवलेली ठरली होती.

त्या खोलीत धाकट्या बाईसाहेब राहायच्या. महाराजांच्या लग्नाच्या पत्नी. संस्थान केव्हाच विलीन झालं होतं, पण वाड्याच्या आत जुन्याच रीती चालायच्या. महाराज विधुर होते, पन्नाशीकडे झुकलेले. मुलगी साध्या शेतकरी घरातली. अशा घरी नवरदेव होऊन जाणं महाराजांना कमीपणाचं वाटलं. त्यावर राजघराण्यांत एक सोय असायची. राजाने आपला खांडा, म्हणजे तलवार, पाठवायची आणि मुलीने त्या तलवारीला हार घालायचा. लग्न लागलं असं सगळ्यांनी धरायचं.

मी शिलेखान्यात होतो, हत्यारं पुसून ठेवायच्या कामावर. म्हणून खांडा न्यायचं माझ्याकडे आलं. भटजी आणि मी जीपने गेलो. मुलीच्या मांडवात मला तलवार घेऊन पाटावर उभं केलं, पुढे अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. मंगळसूत्र खांड्याला टेकवून तिच्या मामीने तिच्या गळ्यात बांधलं. निम्म्या अक्षता माझ्याच डोक्यावर पडल्या. संध्याकाळी तिला वाड्यात आणलं ते मागच्या दाराने.

राजवाडा म्हटलं की लोकांना झुंबरं दिसतात. मला दोन जिने दिसतात. पुढचा घरच्यांचा, मागचा आम्हा नोकरांचा. धाकट्या बाईसाहेबांना मागचा जिना दिला होता. दसऱ्याचा दरबार त्यांनी कायम पडद्याआडून बघितला. एक मुलगी झाली. महाराज तिला कडेवर घेऊन फिरायचे, पण मागच्या अंगणात. पुढे आणायचे नाहीत. आणि मोठ्या घराण्यातलं कोणी आलं की तेवढंही बंद.

मुलगी शाळेत जायला लागली आणि महाराज गेले. देह दरबारात ठेवला होता. पहिल्या राणीसाहेबांचा मुलगा, आमचे युवराज, पुण्याहून आले होते. महाराजांची बहीण, आत्यासाहेब, उशाशी बसली होती. तेवढ्यात धाकट्या बाईसाहेब मुलीचा हात धरून पुढच्या जिन्याने खाली उतरल्या. पहिल्यांदाच.

"ही इथे कशी?" आत्यासाहेब म्हणाल्या.

"मी त्यांची बायको आहे," बाईसाहेब म्हणाल्या.

"कुठलं लग्न गं? कोणी पाहिलं?"

भटजी वारले होते. माहेरचं कोणी अजून पोचलं नव्हतं. बाईसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "त्यांना विचारा. खांडा त्यांनीच आणला होता."

युवराजांनी मला पुढे बोलावलं. "काय रे, नेला होतास खांडा?"

मला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी काही देऊ केलं नव्हतं. तबेल्यामागे दोन खोल्या होत्या, बायकोला दिवस गेले होते आणि उद्यापासून वाड्यात कोणाचं चालणार हे मला दिसत होतं. तेवढंच.

"नाही सरकार," मी म्हणालो. "खांडा वाड्याबाहेर गेलाच नाही."

बाईसाहेब रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि मुलीला घेऊन मागच्या जिन्याने वर गेल्या. तेराव्यानंतर त्यांना वाडा सोडावा लागला. वाशीच्या बाजारात माथाडी असलेल्या भावाकडे त्या आल्या आणि तिथल्या हमालांना भाकऱ्या करून घालत त्यांनी मुलगी वाढवली. मी मात्र तबेल्यामागच्याच खोल्यांत राहून निवृत्त झालो.

पुढे मुलाने सीवूड्सला फ्लॅट घेतला आणि मीही नवी मुंबईत आलो. आमच्या भागातली माणसं इथे पावलोपावली भेटतात. बाईसाहेब उलव्याला लेकीकडे असतात हे कळलं, आजारी आहेत हे कळलं, गेल्या हेही कळलं. खाडी ओलांडली की उलवे. मी गेलो नाही.

गेलो तो त्या लग्नाहून परतल्यावर. लेक आता पन्नाशी ओलांडलेली, डब्यांचा धंदा करते. दार उघडून माझ्याकडे बघत राहिली. मी नाव सांगितलं.

"ताईसाहेब..." मी सुरुवात केली.

"ताईसाहेब कसलं? इथे मला डबेवाली मावशी म्हणतात. बसा."

मी सगळं सांगितलं. ती गवार निवडत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "अंतरपाट धरला तेव्हा तुम्ही शिंकलात. आई सांगायची, नवरा आलाच नाही आणि तलवारवाल्याला पडसं झालेलं. सांगताना हसायची."

शिंक मी विसरलो होतो. ती म्हणताच आठवली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"माझ्या आईचं लग्न मला माहीत नसणार? मला सांगून काय उपयोग? माझ्या सासूने जन्मभर रखेलीची पोर म्हणून हाक मारली. तशी हाक मारता मारताच सासू गेली बिचारी. आता तिला कुठे सांगायला जाता? दादासाहेबांना फोन लावा."

युवराज पुण्यात असतात, आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी फोन लावला. तिने तो माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला. मी म्हणालो, "सरकार, त्या दिवशी मी खोटं बोललो. खांडा मीच नेला होता."

पलीकडे थोडं खोकणं झालं. मग ते म्हणाले, "अरे, मला माहीत होतं ते. आत्यासाहेबांनाही माहीत होतं. आबामहाराजांनीच आम्हाला सांगितलं होतं."

"मग मला का विचारलंत?"

"तू नाही म्हणशील म्हणून. दुसऱ्या कोणाला विचारून कसं चाललं असतं? जाऊ दे आता. तब्येत कशी आहे तुझी? गोळ्या घेतोस ना वेळेवर?"

आयुष्यभर मी मनात त्यांना फसवल्याचं ओझं धरलं होतं. वाटायचं, खरं कळलं असतं तर धनी न्यायाने वागला असता. फसवायला तिथे कोणी नव्हतंच. माझ्याकडून त्यांना फक्त तो शब्द हवा होता, आणि तो मी न मागता दिला होता.

लेक फोनकडे वाकली. "दादासाहेब, मी बोलतेय. धाकटी. वाड्यातल्या त्या खोलीत आईला काय म्हणतात ते तुम्हाला माहितेय?"

ते म्हणाले, "हॉटेलवाल्यांचं आहे गं ते. आमचा आता संबंध नाही." फोन बंद झाला.

तिने गवारीचं ताट बाजूला ठेवलं. मी हात जोडायला गेलो तर म्हणाली, "ते नको. तुमच्या हात जोडण्याने माझं काही होत नाही. लिहून काढा आणि छापा कुठेतरी. आई लग्नाची होती, एवढं लोकांना वाचू दे. माफी वगैरे घालू नका त्यात. लोक माफीच वाचतात, बाकी विसरतात."

मुलगा म्हणतो, बाबा, सोसायटीत आम्ही कसं तोंड दाखवायचं? सुनेने बोलणं कमी केलंय. मी तरी लिहिलं. धाकट्या बाईसाहेबांचं लग्न महाराजांच्या खांड्याशी रीतसर लागलं. ती तलवार माझ्या हातात होती. वाड्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. लेकीने सांगितल्याप्रमाणे माफी यात घातलेली नाही.