थम म्हणणारं कोणी नव्हतं

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनही चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. कोणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही. आठवतं आहे तोवर लिहून ठेवते.

मी होमगार्डमध्ये होते. तेव्हा आमच्याकडे आंध्र प्रदेश होता. बायका भरतीला येत नव्हत्या, म्हणून मला चौथी पासवर घेतलं. नेमणूक आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याला झाली, राखीव पोलिसांच्या मैदानावर. बरोबरच्यांना बंदोबस्त मिळाला. मला वॉर्डात टाकलं. आर. आय. साहेब, म्हणजे मैदानाचे मोठे साहेब, म्हणाले, "ही बोलत नाही. आजाऱ्यांत बरी राहील."

वॉर्डात डोक्याला मार लागलेले जवान असत. हैदराबादला ऑपरेशन झालं, टाके निघाले की इकडे येत. वरून माणूस धड दिसायचा. पाय मोडलेला नसायचा, पण डोक्याचं सांगणं पायापर्यंत पोचत नसे. आमचं काम त्यांना चालवायचं आणि कोण किती चालतो ते पाहायचं. दर बुधवारी फिजिओ मॅडम येत आणि तपासणी घेत. खाटेच्या काठावर आधाराशिवाय बसतो का. हात न टेकता उठतो का. चुन्याच्या रेषेपर्यंत जाऊन वळतो का. विटेवरून पाय टाकतो का. चालता चालता बोलता येतं का. मी मागून कमरेचा पट्टा धरायची. माणूस पडताना आधी पट्टा जड होतो. तो जडपणा हाताला लागला की मी पाय रोवून पट्टा वर ओढायची.

वॉर्डात दोन शब्दांची भीती होती. 'अनफिट' लिहिलं की वर्दी जायची. 'फिट' लिहिलं की माणूस परत चौकीवर जायचा. आमच्याकडची चौकी बेज्जूरला होती, प्राणहितेकडच्या जंगलात. रस्त्यात नक्षलवाद्यांनी सुरुंग पेरलेले असत. वॉर्डातले बहुतेक त्याच रस्त्यावरून आलेले होते.

भीमराव सोनुले तसाच आला. कॉन्स्टेबल, जैनदकडचा, आमच्यातलाच, मराठी बोलणारा. त्याची डावी बाजू कमी झाली होती. डावा पाय ओढायचा, आणि डावीकडचं त्याच्या ध्यानात यायचं नाही. ताटातली डावीकडची भाकर तशीच राहायची. दाराला डावा खांदा आपटायचा. उठून उभा राहिला तरी पहिलं पाऊल पडत नसे. जमिनीकडे बघत घामाघूम व्हायचा.

"काऊन नाही उचलून राह्यला हा?" असं तो पायाला विचारायचा.

हेड कॉन्स्टेबल नरसय्या ड्रिल शिकवणारे होते. निर्मलकडचे. घरात तेलुगू, मराठी आदिलाबादच्या बाजारात शिकलेले. छातीत दुखतं म्हणून त्यांना हलकी ड्युटी दिली होती. मला चिडवायचे. "बाई, तुमी वॉर्डात हाय का भिंतीत हाय? आवाजच येत नाही." मी तोंड वळवून हसायची. मग म्हणायचे, "बघा, भिंत हसली."

एका सकाळी भीमराव असाच खिळून उभा होता. नरसय्यांना राहवलं नाही. त्यांनी मैदानावरच्या आवाजात हुकूम सोडला.

"तेज चल!"

भीमरावचा डावा पाय उचलला. तो चालला. हात झुलले, मान वर आली. "पीछे मुड!" तो वळला. "थम!" थांबला. वॉर्डातले सगळे खाटांवर उठून बसले. कोणी टाळ्या वाजवल्या. भीमराव रडला आणि हसला.

तेव्हापासून आम्ही त्याला हुकमावरच चालवलं. मॅडमनाही ते आवडलं. विटा, पायऱ्या, वळण, सगळं हुकमावर व्हायला लागलं. कोणाच्या मनात काही वेगळं आलं नाही. सगळे वर्दीतले. हुकमावर चालणं म्हणजेच चालणं, असंच आम्हाला वाटत होतं.

त्याची बायको शांता रविवारी यायची. मला बाजूला घेऊन विचारायची, "फिट करतील काय हो याले?" तिला कोणतं उत्तर हवं होतं ते तिलाच माहीत नव्हतं.

शेवटची तपासणी तलावाच्या बांधावर ठरली. उंचसखल जमीन, पट्टा नाही, मागून धरायला कोणी नाही. साहेब येऊन बघणार होते. बेज्जूरला एक माणूस कमी पडत होता. बांध एका ठिकाणी तुटून खाली सांडवा होता, दगड आणि पाणी. त्याच्या थोडं अलीकडे मला उभं केलं. भीमराव माझ्यापर्यंत आला की नरसय्या 'थम' म्हणणार, मग 'पीछे मुड'. तसं ठरलं होतं.

"तेज चल!"

भीमराव निघाला. चांगला चालत होता. मॅडम मागून बघत होत्या. अर्ध्यात आला तेव्हा साहेबांची जीप बांधाखाली येऊन थांबली. नरसय्या जागच्या जागी वळले, टाच जुळवली, सॅल्यूट केला. मॅडमही तिकडे वळल्या. साहेब काही विचारत होते. नरसय्या सावधान उभे राहून उत्तर देत होते.

भीमराव चालतच होता.

मी म्हटलं, "भाऊ, थांबा." माझ्याच कानाला नीट ऐकू आलं नाही. तो जवळ आला. त्याचे डोळे पाण्याकडे होते. मोठे झालेले. मी पुन्हा म्हटलं, "ओ भाऊ." मी त्याच्या डाव्या अंगाला होते. मी तिथे आहे हे त्याला कळलंच नाही. तो माझ्याजवळून पुढे गेला. मॅडमनी शिकवलं होतं की कमी बाजूने माणसाला ओढायचं नाही, तो तुमच्या अंगावर येतो आणि दोघं जाता. माझे हात पुढे झाले आणि तसेच राहिले. आयुष्यात मी कोणावर ओरडले नव्हते. पोटच्या पोरांवरही नाही.

"थम!"

तो माझा आवाज होता. भीमरावने पाय आपटले आणि थांबला. बुटाखालचे खडे सांडव्यात गेले. ते पाण्यात पडल्याचं ऐकू आलं.

मी उजवीकडून जाऊन त्याचा दंड धरला. त्याने हळू आवाजात सांगितलं, "बाई, पाणी दिसून राह्यलं होतं मले. पाय थांबूनच नाही राह्यले."

साहेब बांधावर चढून आले. त्यांना काय झालं ते पूर्ण कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "चालतो तर चांगला. फिट?"

मॅडम बोलण्याआधी नरसय्या बोलले. चेहरा पांढरा पडला होता.

"नाही साहेब. हा चालत नाही. माझा हुकूम चालते. बेज्जूरला याला हुकूम कोण देईल?"

"मग बेज्जूरला कोण जाईल?"

नरसय्यांनी टाच जुळवली. खाली जीपचं इंजिन चालूच होतं.

"मी जातो, साहेब."

"तुमची छाती?"

"छाती हाय जागेवर."

दुसऱ्या आठवड्यात ते गेले. जाताना वॉर्डात आले. भीमरावला म्हणाले, "आता कोणाच्या बापाचा हुकूम ऐकू नको." मला म्हणाले, "बाई, आता वॉर्ड तुमचा. ओरडत राहा जरा."

मॅडमनी तपासणी बदलली. चालवताना कोणी बोलायचं नाही. तहान लागली तर भीमरावने स्वतः उठून माठापर्यंत जायचं. तो उठायचा, उभा राहायचा आणि खिळायचा. पाणी समोर, आणि ओठ कोरडे. बघवत नसे. मी पदराचं टोक चावून उभी राहायची. कधी अर्धं पाऊल पडे, कधी तेही नाही. पुन्हा बसायचा. शांता एकदा म्हणाली, "तुमीच म्हना ना हो तेज चल." मी नाही अशी मान हलवली.

वायरलेसची खोली वॉर्डाला लागून होती. भिंतीतून ऐकू येई. एका दुपारी बेज्जूरचा आवाज आला.

"बेज्जूर टू मावला. रेशन गाडी निघाली का? ओव्हर."

"सकाळीच निघाली. ओव्हर."

"पोचली नाही. ओव्हर."

मग बराच वेळ नुसती खरखर. वॉर्डात सगळ्यांना तो रस्ता माहीत होता. त्या गाडीत नरसय्या होते. दोन दिवसांची रजा संपवून त्याच गाडीने परत चालले होते. सकाळी मैदानावरून गाडी निघाली तेव्हा मी झाडत होते.

गाडी सुरुंगावर गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना आणलं. मैदानावर तुकडी उभी राहिली. बिगुल वाजला. आम्हाला वॉर्डातच थांबायचा हुकूम होता. मी खिडकीशी होते. मागे खाट वाजली.

भीमराव उठला होता. उभा राहिला. खिळला. मी तोंडावर हात धरला. त्याचा चेहरा घामाने भिजला. मग डावा पाय निघाला. ओढत, वेडावाकडा, ड्रिलसारखा अजिबात नाही. तो दाराशी गेला. डावा खांदा चौकटीला आपटला. बाहेर पडला. मी मागे मागे गेले, हात पुढे करून, न शिवता. मैदान मोठं होतं. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता पडला. पुढे खड्डा होता, तो बघून वळला. नरसय्यांच्या शवपेटीजवळ जाऊन उभा राहिला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर परत समोर केली. कोणी त्याला काही म्हटलं नाही.

पुढे त्याला वर्दी सोडावी लागली. शेतात जातो. वाकडा चालतो, पण चालतो.

त्या गाडीत तिघं गेले. हेड कॉन्स्टेबल नरसय्या. ड्रायव्हर पोचय्या. कॉन्स्टेबल शेख महबूब. त्या सकाळी झाडता झाडता मी पाहिलं होतं. तिघंही आपल्या पायांनी गाडीत चढले होते.