मत गावाला की सुरतेला? नवागामच्या मांडवातली एक संध्याकाळ

लोक देवळं बघायला हिंडतात, समुद्र बघायला हिंडतात. मला भांडणं ऐकायची हौस आहे. हाणामारीची नव्हेत, शब्दांची. त्यामुळे जळगावात आमच्या शेजारी राहणारी आणि लग्नानंतर सुरतेला गेलेली रेखा फोनवर म्हणाली, "ताई, रविवारी आमच्याकडे वादसभा आहे, आणि मी सासऱ्यांच्या विरुद्ध बोलणार आहे," तेव्हा मी पुढचं काही विचारलंच नाही. सरळ तिकीट काढलं.

जळगावहून सुरतेच्या अलीकडच्या उधन्याला दिवसाची गाडी धरा, असं मी सगळ्यांना सांगेन. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत गाडी निवांत जाते. नंदुरबारला शेंगदाणे घ्या. नवापूरला अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तिथे मी मुद्दाम उतरून या राज्यातून त्या राज्यात चार पावलं चालून आले. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. त्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधल्या कामगाराची बायको, वर्षाला दहा वेळा ये-जा करणाऱ्या. त्यांना हद्द बघून झाली होती.

उधन्याला उतरल्यावर स्वतंत्र रिक्षा करू नका, लुटले जाल. बाहेर शटल रिक्षा मिळतात, म्हणजे माणशी भाडं घेऊन खच्चून भरणाऱ्या. मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी बसून दिंडोलीमार्गे शनिवारी संध्याकाळी रेखाच्या नवागामला पोचले. रस्ताभर लूमची, म्हणजे यंत्रमागांची खडखड ऐकू येते. पहिल्या तासाला डोकं उठतं, नंतर ती थांबली तरच कळतं.

रेखाच्या घरात एका खोलीभर साड्या पसरलेल्या होत्या. ती साड्यांना लेस लावायचं काम घरी आणते. तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. सुरतेत येऊन मी लोचो खायचा सोडून भरीत खाल्लं, तर खाल्लं! लोचो, म्हणजे इथला वाफवलेल्या डाळीचा मऊ पदार्थ, दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ला. शेव आणि लोणी घालून गरम मागा, गार झाला की त्यात राम नाही.

जेवताना तिनं तिची अडचण सांगितली. गल्लीतलं गटार तुंबलं की पाणी घरात शिरतं. धाकट्या मुलीला त्यापायी कावीळ झाली. नगरसेवकाचा माणूस आला, गल्लीत मतं किती ते विचारलं आणि निघून गेला. कारण गल्लीतल्या जवळजवळ सगळ्यांची नावं अजून खानदेशातल्या आपापल्या गावच्या मतदार यादीत. रेखाला घरातल्या सगळ्यांची नावं सुरतेत आणायची होती. पण गल्ली चालते नानांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या शब्दावर. ते हलले तर गल्ली हलेल.

"आणि नाना हलत नाहीत," ती म्हणाली. "मी घरात विषय काढला तर उठून जातात. सभेत उठता येत नाही."

रविवारची सभा बुद्धविहारामागच्या पत्र्याच्या मांडवात होती. दाराशी चपलांचा ढीग. त्यातून बाजूला, वर्तमानपत्रावर नीट ठेवलेले काळे चकचकीत बूट होते. मला वाटलं, कोणी पुढारी आलाय. रेखा म्हणाली, "नानांचे आहेत. फक्त सभेला आणि मतदानाला घालतात."

आत बौद्ध वस्तीतली माणसं होती, तशी खानदेशातली इतरही बरीच होती. अध्यक्ष होत्या शोभाताई, रेल्वेतून निवृत्त झालेल्या, आवाज गार्डाच्या शिट्टीसारखा. त्यांनी मला सभेची रीत सांगितली आणि मी तिथेच त्या रीतीच्या प्रेमात पडले. सभा दुपारी सुरू होते. संध्याकाळी पाळी बदलते, तेव्हा रातपाळीवाले उठून कामाला जातात आणि दिवसपाळीवाले येऊन बसतात. अर्धा मांडव बदलतो. नव्यांना आधी काय झालं ते सांगायला हवं. पण आपली बाजू आपण सांगायची नाही. ज्यानं विरोध केला त्यानं सांगायची, आणि पदरचं काही घालायचं नाही.

"असं का?" मी विचारलं.

"लूमवर काय करतात?" शोभाताई म्हणाल्या. "जाणारा येणाऱ्याला मशीनची खोड सांगून जातो. लपवली तर पुढच्याचा कपडा खराब. इथे पण तेच. पहिल्यांदा जो तो आपलीच बाजू सांगायचा, तर खुर्च्या उडाल्या होत्या."

नाना उभे राहिले. सडसडीत, पांढरा सदरा. "मनं मत मना गावमा," त्यांनी अहिराणीत सुरुवातच केली. "आठे पोट शे, तठे नाव शे. आमनी वस्तीना मतं कमी व्हयनात ते आमले कोन इचारी?" पोट इथे भरलं तरी नाव गावात; तिथे पंचायतीत वस्तीच्या मतांवर पारडं फिरतं, नावं काढली तर वस्तीचा रस्ता होणार नाही, असा त्यांचा मुद्दा. उमेदवार सुरतेहून माणसं न्यायला गाड्या पाठवतात, पण नाना त्यात बसत नाहीत, स्वतःच्या खर्चानं जातात. हे सांगताना त्यांची मान ताठ झाली.

रेखा बोलली ती गटाराबद्दल आणि काविळीबद्दल. "जिथं आपण बारा महिने राहतो तिथं आपण पाहुणे, आणि जिथं दोन दिवस जातो तिथं मालक?" मागून एक तरुण ओरडला, "आपणे तो अहींना ज छीए!" म्हणजे आपण इथलेच. टाळ्या पडल्या. नाना छताकडे बघत बसले.

मग पाळी बदलली. डबे वाजले, माणसं गेली, घामेजलेली दुसरी आली. रेखा नानांची बाजू सांगायला उठली. वस्तीची मतं, रस्ता, पारडं, सगळं तिनं चोख सांगितलं. आणि मग थांबून म्हणाली:

"नाना उमेदवाराच्या गाडीत बसत नाहीत, कारण ती गाडी जिथं मतदान असतं त्या शाळेच्या दारात उतरवते. नानांना चालत जायचं असतं. शाळेकडं जाणारा रस्ता मोठ्या घरांच्या गल्लीतून आहे. नानांच्या वडलांना त्या गल्लीतून चप्पल हातात घेऊन जावं लागायचं. मतदानाच्या दिवशी नाना तिथून बूट घालून जातात."

नाना ताडकन उठले. "हाई मी बोलनू नही!"

रीत मोडली होती. रेखानं पदरचं घातलं होतं, आणि तेही स्वतःच्याच विरोधातलं. जिंकायला आलेली बाई समोरच्याच्या हातात सगळ्यात भारी मुद्दा देऊन बसली होती. तिचा चेहरा पडला.

शोभाताईंनी नानांना विचारलं, "तुम्ही बोलला नाहीत, हे खरं. पण म्हणणं तुमचं आहे का? नसलं तर खोडते."

नानांनी सदरा खाली ओढून नीट केला.

"बोलनू नही," ते म्हणाले. "पन खरं शे."

आता रेखाची बाजू सांगायची पाळी नानांची होती. मला वाटलं, हे दोन वाक्यांत उरकतील. त्यांनी उरकलंही. "धाकली पोरले कावीळ व्हयनी. ती आठेच जन्मनी, तिले गाव म्हनजे सुट्टी." मग सूनबाईकडे न बघता म्हणाले, "हिनं म्हननं चुकीचं नही." आणि खाली बसले. या सभेत निकाल देत नाहीत. चहा देतात.

घरी परतताना सासरे पुढे, सून मागे. मी मध्ये.

दुसऱ्या दिवशी रिंग रोडच्या साडी बाजारात एक साडी घेतली, तापीवर जरा उभी राहिले आणि परतीची गाडी धरली. डोक्यात तीच सभा. माझा भाऊ आणि मी राजकारणावरून जेवणाचं ताट सोडून उठतो. घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, थांब, आधी तुझी बाजू मी सांगते. तिसऱ्या वाक्याला तो म्हणाला, "मी असं कधी म्हटलं?" पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. वाटलं तितकं सोपं नाही हे प्रकरण.

परवा रेखाचा फोन आला. घरातली तीन नावं सुरतेत आणायचा अर्ज दिलाय. गल्लीतले बरेच जण देतायत. नानांनीच घरोघर सांगितलं. त्यांचं स्वतःचं नाव मात्र गावातच राहणार.

"अन काय म्हणाले माहितीये का ताई?" ती पुढे म्हणाली. "म्हणे, पुढच्या मतदानाला माझ्यासंगं गावाला चल. तुझं मत तिथं नसलं तरी चालंल. पोरींना घे, नि नुसतं त्या गल्लीतून माझ्यासंगं शाळेपर्यंत चाल."

"मग?"

"मग काय. काल नाना बाजारात गेले अन दोघी पोरींना काळे बूट घेऊन आले. धाकटीला जरा मोठेच आणलेत. म्हणे, मतदान होईपर्यंत पाय वाढतील."