शाळेच्या गेटला लावलेली हळद

आज गावच्या शाळेत माने मॅडमचा निरोप समारंभ झाला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं... पण माईक हातात घेतला आणि तसाच पुढच्याकडे दिला. म्हणून इथे लिहितेय.

आमचं गाव विट्याजवळ. इकडच्या बऱ्याच घरांसारखं आमचंही गलाईचं दुकान... म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. दुकान मदुराईला. लग्नानंतर मी तिकडेच गेले आणि आमची सईही तिकडेच वाढली, तिकडेच शाळेत गेली.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडलं. कसाबसा पास मिळवून आम्ही तिघं गाडीने गावी आलो, पण घरी जाता येणार नव्हतं. बाहेरून आलेल्यांना शाळेतच क्वारंटाइन करत होते. सासूबाईंना दमा... त्यांनी लांबूनच हात हलवला आणि पदर डोळ्याला लावला.

शाळेत देखरेखीची ड्युटी माने मॅडमकडे होती. बाई मूळच्या आटपाडीकडच्या, मेंढपाळ घरातल्या. आवाज खणखणीत, पण उगाच चढवायच्या नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी गावात कुजबुज सुरू झाली. "उद्या सकाळी जाऊन त्यांना शाळेतून हलवायचं" असं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं. मॅडमही त्या ग्रुपवर होत्याच...

सकाळी गेटवर ही गर्दी! मास्क बहुतेकांच्या हनुवटीवर. गेट ढकलतायत, कडी वाजवतायत, आणि सगळ्यात पुढे आमच्याच भावकीतले तात्या. "आवं मॅडम, ह्यास्नी हितनं हलवा! घराघरात म्हातारी माणसं हायती आमच्या!"

सई खिडकीखाली अंग चोरून बसली होती. "आई, आपण काय केलं गं?" असं तिने विचारलं. मी तिला जवळ ओढलं.

मॅडम व्हरांड्यातून चालत आल्या आणि गेटपासून बऱ्याच लांब थांबल्या. चिडल्या नाहीत, समजूतही काढली नाही. वर्गात सांगतात तसं म्हणाल्या, "सगळ्यांनी हात वर करा बघू."

इतक्या वर्षांची सवय... निम्म्या गावाला त्यांनीच शिकवलेलं. हात वर झाले. आणि पुढच्यांचे सगळे पिवळेधमक!

मॅडमनी सकाळी लवकर येऊन गेटच्या कडीला आणि गजांना तेलात कालवलेली हळद फासून ठेवली होती. ती आता कुणाच्या मिशीला होती, कुणाच्या मोबाइलला, कुणाच्या पांढऱ्या शर्टावर. मागे उभ्या असलेल्यांनी गेटला हातही लावला नव्हता, तरी त्यांचे खांदे पिवळे. तात्यांचं तर नाक रंगलं होतं.

"आतली माणसं खोलीच्या भायेर आली न्हाईत," मॅडम म्हणाल्या. "तरीबी तुमी सगळे माखलाय. कुणी माखवलं? तुमीच एकमेकास्नी. हळद दिसती तरी... श्वासातनं जातं ते दिसत बी न्हाई. मास्क नाकावर घ्या आन् लांब लांब उभं ऱ्हावा. ह्यांच्यावर राग काढून काय व्हनार हाय?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं. तात्या आपले हात बघत उभे होते. मान वर करून म्हणाले, "मग आमी करायचं काय, मॅडम?"

"घरी जाऊन साबणानं हात धुवायचे. आन् ह्यांचा डबा रोज झाडाखाली आणून ठेवायचा."

दुपारी डबा आला. तात्यांच्या घरून... भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी.

सईला मराठी बोलता यायचं, पण वाचता येत नव्हतं. हे कळल्यावर मॅडम रोज मैदानात काठीने अक्षरं काढायला लागल्या. खिडकीतून दिसतील एवढी मोठी. पहिल्या दिवशी त्यांनी दोनच अक्षरं काढली आणि बाजूला झाल्या. सईने गजाला धरून, जुळवून वाचलं... "ह... स... हस!" आणि गावात आल्यापासून पहिल्यांदा माझी पोरगी हसली.

मग एका सकाळी ह्यांना ताप भरला. मी खिडकीतून मॅडमना हाका मारत सुटले. मॅडम मात्र तेवढ्याच शांत. "घाबरायचं न्हाई, पण हयगय बी करायची न्हाई," एवढंच बोलून त्यांनी आरोग्य केंद्रात फोन लावला. ॲम्ब्युलन्स आली, ह्यांना सांगलीला नेलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह. ऑक्सिजन लावावा लागला.

मी आणि सई निगेटिव्ह होतो, पण त्या खोलीतून कुठे जाणार? मॅडम बाहेर मैदानात खुर्ची टाकून, तोंडाला मास्क लावून, सांगलीहून फोन येईपर्यंत बसून राहायच्या. फार धीर द्यायच्या नाहीत. सईचा अभ्यास घ्यायच्या, मला जेवलात का विचारायच्या.

हे बरे होऊन परत आले. गाडीतून उतरले तेव्हा तात्या रस्त्याच्या पलीकडे उभे होते, मास्क नाकाच्या वर. "लय घाबरवलंस गड्या," ते लांबूनच म्हणाले.

आमच्यामुळे गावात कुणालाही लागण झाली नाही. आज सई सांगलीत विश्रामबागला कॉलेजात आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं मराठी लिहिते.

घाबरलेल्या माणसांना घाबरट न म्हणता शहाणं कसं करायचं, हे मी मॅडमकडे पाहिलं. कुणाचा पाणउतारा नाही, भाषण नाही... आणि तरी सगळ्यांना कळलं.

त्या दिवशी आम्हाला शाळेतून हलवलं असतं आणि आम्ही घरी, दम्याच्या सासूबाईंजवळ गेलो असतो तर... तो विचार मी पुरा करत नाही. आज समारंभात सासूबाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मॅडम, त्यांची ती खुर्ची रिकामी नव्हती, ती तुमच्यामुळे.